व्याजाचा नियम बटणामागे नको

१ एप्रिल २०१० पासून भारतातल्या व्यापारी बँकांमध्ये बचत खात्यावरचं व्याज मोजायची पद्धत बदलली. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज मिळायचं. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं ते रोजच्या शिलकेवर मोजायचं ठरलं.

खातेदाराला यानं किती फरक पडला, ते आकड्यांतच पाहू. एप्रिल महिना, ३० दिवस, खात्यात ५,००० रुपये. १२ तारखेला १ लाख जमा झाले आणि २८ तारखेला तेवढेच काढले. व्याजदर तेव्हाचा, ३.५ टक्के. जुन्या पद्धतीनं १० तारखेनंतरची किमान शिल्लक ५,०००च, म्हणून व्याज १४ रुपये ५८ पैसे. नव्या पद्धतीनं १४ दिवस ५,००० आणि १६ दिवस १,०५,०००. दिवस आणि शिल्लक यांच्या गुणाकारांची बेरीज येते १७,५०,०००. तिला ३.५ नं गुणून ३६,५०० नं भागलं की १६७ रुपये ८१ पैसे. खातं तेच, व्यवहार तेच, आणि व्याज अकरा पटींहून जास्त.

कागदावर हा बदल एका परिच्छेदात मावतो. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये तो करायला दोन दिवस लागतील की तीन महिने, हे मात्र व्याजाचा हिशोब त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे लिहिलाय यावर ठरतं. मोठ्या व्यावसायिक प्रणालींमध्ये बिझनेस लॉजिक आणि प्रेझेंटेशन लेयर वेगळे ठेवा, असं नव्या प्रोग्रामरला पहिल्या आठवड्यातच सांगितलं जातं. का, आणि नेमकं काय वेगळं करायचं, हे समजावून सांगायला सहसा कुणाला वेळ नसतो. म्हणून हा लेख.

बिझनेस लॉजिक म्हणजे त्या व्यवसायाचे नियम आणि हिशोब. व्याज कसं मोजायचं, मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर किती कापायचं, किती रकमेच्या वरच्या व्हाउचरला दुसऱ्या अधिकाऱ्याचं पासिंग लागतं, हे सगळं त्यात आलं. संगणक नव्हते तेव्हाही हे नियम होतेच. कारकून मंडळी किर्द-खतावणीवर ते हातानं लावत होती. प्रेझेंटेशन लेयर म्हणजे माणसाची मागणी आत नेणारा आणि आलेलं उत्तर माणसाला दाखवणारा भाग. काउंटरवरची स्क्रीन, एटीएमचा मेनू, पासबुकाची छपाई, मोबाइल ॲप हे सगळे त्यात येतात.

बटणाच्या आत काय साचतं

व्हिज्युअल बेसिक हे प्रोग्राम लिहायचं अवजार १९९१ मध्ये आलं आणि ऑफिसची सॉफ्टवेअरं लिहिणं फार सोपं झालं. फॉर्मवर बटण ओढून ठेवायचं, त्यावर डबल-क्लिक करायचं, की कोड लिहायची जागा समोर उघडते. प्रोग्रामर साहजिकच तिथेच लिहायला बसतो. त्यात त्याचा आळस नसतो. अवजारानंच ती जागा पुढे केलेली असते. पुढे १९९९ मध्ये वेब पेज बनवायचं जेएसपी आलं, त्याच जातीचं पीएचपी त्याच्या आधीपासून होतंच. तिथे बटणाऐवजी वेब पेजच्या मधोमध डेटाबेसकडून माहिती मागणाऱ्या क्वेरी आणि हिशोब लिहिले जाऊ लागले. आजच्या रिॲक्ट या स्क्रीन बनवायच्या साधनाच्या कंपोनंटमध्येही, म्हणजे स्क्रीनच्या सुट्या तुकड्यांमध्येही, हेच होताना दिसतं. जागा बदलली, सवय तीच राहिली.

'व्याज काढा' नावाच्या अशा एका बटणामागे काय असतं, ते जवळून पाहा. टेक्स्ट बॉक्समधून खाते क्रमांक उचलला. तो रिकामा असेल तर मेसेज बॉक्स दाखवला. डेटाबेस उघडून महिन्याभराच्या शिलका आणल्या. लूप फिरवून १० तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक शोधली. ३.५ नं गुणलं, १,२०० नं भागलं. पैसे रुपयात पूर्ण केले. आकडा लेबलवर लिहिला. व्याज शून्य असेल तर 'जमा करा' बटण फिकट केलं. नसेल तर खात्यात नोंद टाकली आणि कर्सर पुन्हा खाते क्रमांकावर नेला. पन्नास-साठ ओळींचा मामला. कोड चालतो, उत्तर बरोबर येतं, बँक खूश असते.

अडचण व्याज जमा करायच्या वेळी येते. रात्री सगळ्या खात्यांवर एकदम व्याज टाकायचं असतं. तेव्हा ते बटण दाबणार कोण? मग त्या साठ ओळींतल्या हिशोबाच्या ओळी उचलून रात्रीच्या बॅचमध्ये, म्हणजे माणसाशिवाय आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, चिकटवल्या जातात. खातेउताऱ्यावर 'आजपर्यंतचं व्याज' छापायचं ठरतं, तिथे तिसरी प्रत होते. नेट बँकिंग दुसरी टीम दुसऱ्या भाषेत करते, त्यामुळे तिथे प्रतही नसते, नव्यानं लिहिलेला हिशोब असतो. चौघांनी रुपया पूर्ण करायची पद्धत आपापल्या समजुतीनं धरलेली असते. मग काउंटरवर १५ रुपये दिसतात, नेट बँकिंगवर १४.५८ दिसतात, आणि खातेदार मॅनेजरसमोर येऊन विचारतो की खरं कोणतं. त्याला उत्तर द्यायला त्या सॉफ्टवेअरमध्ये एकही अशी जागा नसते, जिच्याकडे बोट दाखवून म्हणता येईल की नियम इथे आहे.

आता २०१० नंतरचं पाहा. ३ मे २०११ ला रिझर्व्ह बँकेनं बचत खात्याचा दर साडेतीनवरून ४ टक्के केला. २५ ऑक्टोबर २०११ ला दर ठरवण्याची मोकळीक बँकांनाच दिली. १ लाखापर्यंतच्या शिलकेला बँकेनं सर्वांना एकच दर द्यायचा, त्यावरच्या रकमेला वेगळा दर चालेल, एवढी अट घातली. म्हणजे दोन वर्षांच्या आत आधी पद्धत बदलली, मग दर बदलला, मग एका दराचे टप्पे झाले. हिशोब जिथे-जिथे विखुरलेला असेल, त्या प्रत्येक ठिकाणी तीनदा हात घालणं आलं. आणि एखादी जागा नजरेतून सुटली, तर ती चुकीचं उत्तर गुपचूप देत राहते. प्रोग्राम बंद पडत नाही, लाल अक्षरांत काही येत नाही. मला ही गोष्ट सर्वांत गंभीर वाटते, कारण चुकलेला आकडा कुणाच्या तरी खात्यात जाऊन बसतो.

स्क्रीन बदलतात त्या मात्र वेगळ्याच कारणांनी. भारतातलं पहिलं एटीएम १९८७ मध्ये एचएसबीसी बँकेनं मुंबईत बसवलं. पुढे नेट बँकिंग आलं, मग मोबाइल ॲप, २०१६ मध्ये यूपीआय. यातल्या एकाही गोष्टीनं व्याजाचा हिशोब एका पैशानं बदललेला नाही. नियम बदलायला लावतात रिझर्व्ह बँक, संचालक मंडळ, लेखापरीक्षक. स्क्रीन बदलायला लावतात ग्राहक, डिझायनर, नवे फोन. दोन्हीकडची माणसं वेगळी, कारणं वेगळी, वेळा वेगळ्या. मग दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये गुंतवल्या, की बटणाचा रंग बदलायला आलेल्या मुलाच्या हातून व्याज बिघडू शकतं.

सीमारेषा कुठे

तत्त्व मान्य झालं तरी रोजच्या कामात एखादी ओळ या बाजूची की त्या बाजूची, असा प्रश्न पडतोच. मी दोन प्रश्न विचारतो. एक, उद्या हेच काम स्क्रीनशिवाय, नुसती कमांड टाइप करून करायचं ठरलं, तर ही ओळ पुन्हा लिहावी लागेल का? लागत असेल तर ती चुकीच्या जागी आहे. दोन, ही ओळ बदलायचा आदेश कुणाकडून येईल?

१,७५,००० मधले स्वल्पविराम दाखवणाऱ्याचं काम. परदेशातल्या एखाद्या अहवालात तोच आकडा १७५,००० असा छापला जाईल आणि रकमेला काही होणार नाही. पण १६७.८१ चे १६८ करणं हा नियम आहे, कारण खात्यात जमा होणारी रक्कमच त्यानं बदलते. दिसायला दोन्ही 'आकडा नीट मांडणं' वाटतात, आणि म्हणूनच इथे गल्लत होते. रुपया पूर्ण करायची ओळ स्क्रीनमध्ये दिसली, की मी तिथेच थांबतो.

खातं ओव्हरड्रॉ झालं की रक्कम लाल दिसावी, अशी मागणी घ्या. लाल रंग स्क्रीनचा. 'ओव्हरड्रॉ' म्हणजे काय, हे स्क्रीननं ठरवायचं नाही. आज शून्याच्या खाली गेलं की झालं, असं वाटतं. उद्या बँक काही खात्यांना १०,००० रुपयांची ओडी (ओव्हरड्राफ्ट) मर्यादा, म्हणजे शिलकेपलीकडे उचल करायची मुभा, देते, आणि ऋण शिल्लक असूनही खातं व्यवस्थित असतं. स्क्रीननं शिल्लक शून्याशी ताडून पाहिली असेल, तर ती खातेदाराला उगाच घाबरवते. आतल्या थरानं 'मर्यादेबाहेर: हो किंवा नाही' एवढं सांगावं, स्क्रीननं त्याला रंग द्यावा. टेरेन्स पार या संगणकशास्त्रज्ञानं २००४ मध्ये टेम्प्लेटसाठी, म्हणजे आतली माहिती ज्यात बसवायची त्या पानाच्या साच्यासाठी, असाच कडक नियम मांडला. टेम्प्लेटनं आकडेमोड करायची नाही, किमतीची तुलना करायची नाही. आतून आलेली गोष्ट आहे की नाही एवढंच पाहायचं. कागदावर फार ताठर वाटतो, पण तो पाळून लिहिलेली टेम्प्लेटं दहा वर्षांनीही भीती न बाळगता बदलता येतात.

तारखेचं उदाहरण तर बँकेत काम केलेल्या कुणालाही पटेल. बँकेचा 'आज' घड्याळावर चालत नाही. डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशोब बंद करायचं काम, होईपर्यंत कामकाजाची तारीख तीच राहते. रात्रीचे साडेबारा वाजले तरी डे-एंड अडकलं असेल तर बँकेत कालचीच तारीख असते. फॉर्ममधला कोड सरळ संगणकाच्या घड्याळाला तारीख विचारत असेल, तर त्या अर्ध्या तासात झालेल्या नोंदी चुकीच्या दिवशी पडतात आणि सकाळी तेरीज (जमा-नावेचा ताळा) जुळत नाही. म्हणून व्याज मोजणाऱ्या फंक्शनला (कोडच्या स्वतंत्र तुकड्याला) तारीख बाहेरून हातात द्यायची. त्यानं स्वतः कुणालाच विचारायची नाही. याचा दुसरा फायदा चाचणीत होतो. ३१ मार्चला काय होतं आणि २९ फेब्रुवारीला काय होतं, हे पाहायला त्या दिवसाची वाट बघावी लागत नाही. तारीख द्यायची आणि उत्तर तपासायचं. वर दिलेले १४.५८ आणि १६७.८१ हे आकडे म्हणजे तयार चाचण्याच आहेत, आणि त्या चालायला ना स्क्रीन लागते ना डेटाबेस.

एमव्हीसी वापरलं म्हणजे झालं, असं नाही

मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर (एमव्हीसी) ही विभागणी नॉर्वेच्या ट्रिग्वे रेन्स्काउग यांनी १९७९ मध्ये मांडली. ते तेव्हा कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत पाहुणे संशोधक म्हणून आले होते. त्याआधी त्यांनी नॉर्वेत जहाजबांधणीसाठी सॉफ्टवेअर केलं होतं. जहाज बांधायच्या कामाची माहिती प्रचंड, आणि प्रत्येकाला ती वेगळ्या अंगानं बघायची असते. माणसाच्या डोक्यातला विषय म्हणजे मॉडेल, आणि तो बघायच्या खिडक्या म्हणजे व्ह्यू, असा त्यांचा रोख होता. खिडक्या कितीही असोत, विषय एकच.

वेबच्या जगात ही विभागणी २००० च्या सुमारास स्ट्रट्ससारख्या फ्रेमवर्कमधून, म्हणजे तयार सांगाड्यांमधून, घरोघरी पोचली आणि तिथे एक गैरसमज रुजला. मॉडेल म्हणजे डेटाबेसचं टेबल, व्ह्यू म्हणजे वेब पेजचं एचटीएमएल, मग उरलेलं सगळं कंट्रोलरमध्ये, असं लोक धरून चालले. वेबचा कंट्रोलर हा प्रेझेंटेशनचाच भाग आहे. ब्राउझरकडून आलेली मागणी वाचणं, योग्य फंक्शनला हाक मारणं आणि उत्तर कुठल्या पानावर दाखवायचं ते ठरवणं, एवढंच त्याचं काम. त्यात व्याजाचा हिशोब लिहिला, तर नियम बटणामागून निघून कंट्रोलरमागे जाऊन बसला, इतकंच. रात्रीच्या बॅचला कंट्रोलर चालवता येत नाही. म्हणून पाचशे ओळींचा कंट्रोलर दिसला, की प्रोजेक्टमध्ये 'एमव्हीसी' नावाचे तीन फोल्डर असले तरी विभागणी झालेली नाही, असं मी समजतो.

उलट बाजूची गळतीही तितकीच त्रासदायक. नियमाच्या थरानं 'आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही' असं तयार वाक्य परत केलं, की मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत चालणारं एटीएम अडचणीत येतं. फोनवरून शिल्लक सांगणाऱ्या यंत्राला वाक्याची गरज नसते, त्याला ध्वनिफीत निवडायची असते. आतून फक्त कारण यावं: शिल्लक अपुरी, कमी पडणारी रक्कम ३५० रुपये. वाक्य कुठल्या भाषेत, किती नम्र, किती लांब, हे ज्याच्या समोर माणूस उभा आहे त्यानं ठरवावं. महाराष्ट्रात ग्राहकाला मराठीत संदेश मिळणं इतकं महत्त्वाचं असताना तो हिशोबाच्या फंक्शनमध्ये इंग्रजीत पक्का लिहून ठेवलेला असतो. मग 'मराठी नंतर करू' म्हणतात ते नंतर कधीच येत नाही, कारण ते करायला हिशोबाला हात लावावा लागतो.

ग्राहकाच्या हातातली स्क्रीन

काउंटरवरचा संगणक बँकेचा असतो. वेब पेज आणि मोबाइल ॲप मात्र ग्राहकाच्या यंत्रावर चालतं, आणि त्या यंत्रावर बँकेचा ताबा नसतो. ब्राउझरमधला कोणताही कोड वाचता येतो, बदलता येतो, वगळता येतो. ऑनलाइन दुकानांच्या सुरुवातीच्या काळात वस्तूची किंमत पेजवरच्या लपवलेल्या फील्डमध्ये ठेवायचे. ती किंमत बदलून पेज परत पाठवलं, की सर्व्हर, म्हणजे दुकानाकडचा संगणक, तीच खरी मानायचा. पाच हजारांची वस्तू पन्नास रुपयांत.

म्हणून मर्यादा, पात्रता, दर हे सगळं सर्व्हरवर तपासलंच पाहिजे. मग मोबाइल क्रमांकाचे अंक दहा आहेत की नाही, हे स्क्रीनवर तपासू नये का? जरूर तपासावं, ग्राहकाला चूक ताबडतोब कळते. पण ती सोय आहे, पहारा नव्हे. आत तीच तपासणी पुन्हा व्हायला हवी, आणि दोन्हींत मतभेद झाला तर आतल्याचं खरं. ही दोनदा लिहिण्याची एकच गोष्ट मला रास्त वाटते.

किती वेगळं करायचं

थर वाढवण्याचाही अतिरेक होतो. ग्राहकाच्या अर्जात 'गाव' हे एक फील्ड वाढवायचं तर सात फाइली बदलाव्या लागतात, आणि त्यातल्या पाच नुसतं इकडचं उचलून तिकडे देतात, असे प्रोजेक्ट आहेत. नियमच नसेल, नुसतं भरा आणि साठवा एवढंच असेल, तिथे सरळ फॉर्मपासून टेबलापर्यंत जावं. एकदाच लागणारा अहवाल, चार जणांच्या ऑफिसातली हजेरीची नोंद, यांना मोठं आर्किटेक्चर लागत नाही. पैसा, कर, पात्रता, मुदत यांतलं काही आलं, किंवा तोच नियम दुसऱ्या दारानं मागितला जाईल अशी शक्यता दिसली, की वेगळं काढायची वेळ झाली. डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आतच साठवलेल्या कोडमध्ये, नियम ठेवावेत का, हा वेगळा वाद आहे. स्क्रीनमध्ये असण्यापेक्षा ते बरं, इतकं म्हणून पुढे जातो.

चालू सॉफ्टवेअरमधून नियम बाहेर काढताना

बहुतेकांच्या वाट्याला नवं सॉफ्टवेअर येत नाही, वीस वर्षांचं चालू सॉफ्टवेअर येतं. महाराष्ट्रातल्या सहकारी क्षेत्रात तर फॉक्सप्रो (जुनं डेटाबेसचं सॉफ्टवेअर) आणि व्हिज्युअल बेसिकच्या पद्धतींवर फार मोठं काम चाललं. ते सगळं फेकून नव्यानं लिहू, हा मोह टाळावा. त्या बटणांमागे जुन्या परिपत्रकांमधले असे नियम असतात, जे आता दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाहीत.

एक बटण घ्या. आधी खऱ्या खात्यांपैकी वेगवेगळ्या प्रकारची काही निवडा: महिन्याच्या मध्येच उघडलेलं, मध्येच बंद झालेलं, शून्य शिलकेचं, बरेच दिवस व्यवहार नसलेलं. त्या बटणानं आज जे उत्तर येतं ते जसंच्या तसं नोंदवून ठेवा, ते चुकीचं वाटलं तरी. मग हिशोबाच्या ओळी एका फंक्शनमध्ये हलवा. त्या फंक्शनमध्ये टेक्स्ट बॉक्स, लेबल, मेसेज बॉक्स यांचं नावही येता कामा नये. शिलकांची यादी, दर आणि तारीख आत जाईल, रक्कम बाहेर येईल. बटणामागे उरतील तीन ओळी: वाचा, विचारा, दाखवा. नोंदवलेली उत्तरं पुन्हा तपासा. हे करताना पद्धत सुधारायची नाही. आधी हलवायचं, सुधारणा नंतर, दोन्ही एकदम केलं तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

त्यानंतर रात्रीची बॅच त्याच फंक्शनकडे वळवा, पण जुना हिशोब लगेच काढू नका. एक पूर्ण सहामाही दोन्ही चालवा, खात्यात जुनाच आकडा जमा करा आणि जिथे फरक येतो त्या खात्यांची यादी रोज सकाळी छापा. ती यादी प्रोग्रामरनं एकट्यानं वाचून उपयोग नाही. व्याजाचं काम वर्षानुवर्षं बघणारा अधिकारी शेजारी हवा, कारण काही फरक नव्या फंक्शनची चूक निघेल, काही जुन्या प्रतीची, आणि काही ठिकाणी दोन शाखा दोन वेगळ्या समजुतींनी चालत होत्या असं दिसेल. त्या प्रत्येक फरकावर बँकेचा लेखी निर्णय घ्या आणि तो निर्णय चाचणी म्हणून लिहून टाका. यादी कोरी यायला लागली, की जुन्या प्रती एकेक करून काढता येतात. त्यानंतर साऱ्या कोडमध्ये व्याजदराचा आकडा शोधा. तो नियमाच्या जागेबाहेर जिथे सापडेल, ते तुमचं पुढचं बटण.